उल्कावर्षावाच्या रात्री लावायला अवकाशाचं जॅझ: कुठला अल्बम?

रेवती_२७

नमस्कार मंडळी. १३ डिसेंबरच्या रात्री जेमिनिड उल्कावर्षाव बघायला आमचा गट दिंडोरीच्या पुढे, वणी रस्त्याला एका सभासदाच्या द्राक्षबागेत जमणार आहे. चंद्र लवकर मावळतोय, त्यामुळे नंतर आकाश चांगलं काळं मिळेल. दुर्बीण लागत नाही. सतरंजीवर आडवं पडायचं आणि बघत राहायचं. यंदा मला त्यासोबत संगीत हवंय. वेगवेगळ्या गाण्यांची यादी नको. एकच अल्बम हवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग लावता येईल असा. लाउंज, चिल-आउट अंगाचं जॅझ आणि विषय अवकाशाचा.

'स्पेस लाउंज' म्हणून शोधलं की ढिगाने सापडतं. मुखपृष्ठावर जांभळा तेजोमेघ, तीन-तीन तासांचे व्हिडिओ आणि आत तोच तयार ठेका, त्यावर मधूनमधून बीप-बीप. मी त्यातलं बरंच ऐकलंय. बहुतेकांची अडचण एकच: रिकामी जागा ठेवायला ते तयार नसतात. एक सूर संपायच्या आत दुसरा येतो, तो संपायच्या आत एखादा चकचकीत आवाज. अवकाश म्हणायचं आणि इंचभरही जागा सोडायची नाही, हे मला पटत नाही.

मला हवंय ते असं: वाद्यं मोजकी, ड्रमवर काडीऐवजी ब्रश, उभा बास आणि इलेक्ट्रिक पियानो. त्यातही ऱ्होड्स असेल तर उत्तमच. ऱ्होड्सची कळ दाबली की आत छोटी हातोडी पातळ धातूच्या सळीवर पडते आणि शेजारचा पिकअप तो कंप उचलतो, गिटारमध्ये असतो तसलाच. आघात मऊ येतो आणि सूर बराच वेळ हवेत राहतो. या वाद्याचा एकेक सूर पूर्ण विरू देणारा वादक असेल, तर नाव कुठल्याही ग्रहाचं नसलं तरी ते मला अवकाशाचं संगीत वाटतं.

शब्द शक्यतो नकोत. शब्द आले की माणसं ऐकायला लागतात आणि बघायचं राहून जातं.

सुचवा. आणि का, तेही लिहा.

सातपूर_शिफ्ट

ब्रायन ईनोचा 'अपोलो', १९८३. भाऊ रॉजर ईनो आणि डॅनियल लान्वा यांच्याबरोबर केलेला. चांद्रमोहिमांच्या चित्रफितींवरून एक माहितीपट होत होता, त्याच्यासाठी हे संगीत. रात्रपाळी संपवून अंबड लिंक रोडने घरी येताना मी हाच लावतो. कंपनीत आठ तास प्रेसचा आवाज डोक्यात बसलेला असतो, तो घरी पोचेपर्यंत उतरतो.

त्यात पेडल स्टील गिटार आहे. अमेरिकेच्या खेड्यातल्या कंट्री संगीताचं वाद्य. ते चंद्रावर कसं गेलं? अंतराळवीर सोबत कॅसेट नेत आणि त्यात बऱ्याच जणांची आवड कंट्रीची होती, हे ईनोच्या कानावर आलं होतं. म्हणून त्याने यंत्रांच्या आवाजांवर न थांबता घरची आठवण काढणारं वाद्य घेतलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. इतक्या लांब गेलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार त्याने आधी केला.

रेवती_२७

दादा, हा अल्बम माझाही लाडका. पण यात जॅझ नाही, ठेका जवळजवळ नाहीच. पाऊण तास ठेक्याशिवाय काढला तर मुलं झोपतील. यादीत ठेवते. अजून एक गंमत बघा: जेमिनिड उल्का ज्याच्या धुळीतून येतात तो फेथॉन हा लघुग्रहही १९८३ सालीच सापडला.

ओझरकर

माइल्स डेव्हिसचा 'इन अ सायलेंट वे'. शोध इथेच थांबवा म्हणेन.

विषय अवकाशाचा नाही हे मान्य. पण तारखा बघा. माणूस चंद्रावर उतरला २० जुलै १९६९ ला आणि हा अल्बम त्याच महिन्याच्या शेवटी बाजारात आला. तीन-तीन कळवाद्यं एकत्र: हर्बी हँकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल. एवढी माणसं असूनही कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. टोनी विल्यम्सने पहिल्या बाजूला हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमच्या झांजांच्या जोडीवर, जी बारीक टिकटिक धरली आहे, ती अठरा मिनिटं जवळजवळ हलत नाही. त्या टिकटिकीवर बाकीचे जण तरंगतात. माइल्सचा ट्रंपेट येतो, दोन वाक्यं बोलतो आणि बाजूला होतो.

गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन आहेत, ज्यांनी पुढे झाकीरभाईंबरोबर 'शक्ती' हा गट केला. तेव्हा ते नुकतेच इंग्लंडहून अमेरिकेत पोचले होते.

मी एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त. तरुणपणी 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला तेव्हा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचो, रात्री रंगभवनला उघड्यावर बसून ऐकायचो आणि दादरला मावशीकडे मुक्काम. धोबी तलावची रहदारी भिंतीपलीकडे चालू असायची. तरी एखादा सॅक्सोफोनवाला हळू वाजवायला लागला की ती ऐकू येईनाशी व्हायची. जॅझ उघड्या आकाशाखाली चांगलं लागतं, हे मी तिथे अनुभवलंय. तेव्हा बागेत लावण्याची कल्पना मला मनापासून आवडली.

पेटीवाले

ओझरकर काकांशी सहमत, पण त्या अल्बमच्या मागे अजून दहा वर्षं जावं लागेल. १९५९ सालचा 'काइंड ऑफ ब्लू'. त्यातलं 'सो व्हॉट' घ्या. त्याआधीच्या जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, भराभर बदलत, वादकाला प्रत्येक वळणावर हिशेब ठेवत पळावं लागे. इथे १६ मात्रागट (बार) एकाच स्वरसप्तकात राहायचं, मग आठ तेच सप्तक अर्धा सूर वर सरकवून आणि पुन्हा आठ मूळ जागी. ते सप्तक म्हणजे आपला काफी थाट. पेटीवर पांढरी दोनला सा धरून ग आणि नी कोमल वाजवा, लगेच ओळख पटेल.

मी हे विद्यार्थ्यांना मुद्दाम वाजवून दाखवतो. कॉर्ड पळायचे थांबले की वादकाला वेळ मिळतो. वेळ मिळाला की तो थांबू शकतो. आणि थांबला की ऐकणाऱ्याला ती मोकळी जागा जाणवते, जी रेवतीताई शोधताहेत. आलापीत आपण तेच करतो, खाली तानपुरा असतो म्हणून गप्प राहायची भीती वाटत नाही. पुढचं सगळं चिल-आउट, लाउंज या एका बदलावर उभं आहे असं माझं ठाम मत आहे. तयार ठेकेवाल्यांनी त्यातला तानपुरा घेतला आणि थांबणं टाकून दिलं.

अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या १९७१ च्या 'जर्नी इन सच्चिदानंद'मध्ये तर खरोखरचा तानपुरा आहे. त्यावर हार्प आणि फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन. हेडफोनवर ऐका, पहिल्या मिनिटात जवारी, म्हणजे तारांची झणकार, स्पष्ट ऐकू येते.

मघा

थोडं कडू लिहिते, राग मानू नका. उल्का बघताना संगीत लावूच नये. आपण शहरातून एवढ्या लांब कशासाठी जातो? नाशिकमध्ये आता रात्री बारालाही शांतता मिळत नाही. गंगापूर रोडला माझ्या घराच्या दोन्ही बाजूंना लॉन्स आहेत, लग्नसराईत खिडक्यांच्या काचा थरथरतात. बागेत गेल्यावर रातकिडे, लांबची मोटर, मध्येच एखादा टिटवीचा आवाज एवढंच असावं. तिथेही स्पीकर नेला तर आपण आपलंच शहर सोबत नेलं. शिवाय अवकाशात आवाजच नसतो, तर हे संगीत कशाचं?

रेवती_२७

ताई, कडू अजिबात नाही. मी म्हणूनच एकच अल्बम म्हणाले. रात्र आठ तासांची आहे, त्यातला पाऊण तास संगीताचा आणि बाकी सगळी रात्र तुम्ही म्हणता तशी. आमच्याकडे पहिल्यांदा येणारी माणसं फार असतात. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि नेमक्या त्या वेळात लोक कंटाळून मोबाइल काढतात. एकदा पडदा उजळला की सगळी मेहनत वाया, पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ कानाला काहीतरी धरून ठेवणारं मिळालं तर हात खिशाकडे जाणार नाही. मला संगीत त्यासाठी हवंय.

अश्विनी_ते_रेवती

मघाताई, आवाजाच्या मुद्द्यावर थोडं. निर्वात पोकळीतून ध्वनी जात नाही हे बरोबर. पण अवकाश सगळीकडे सारखं रिकामं नाही. ययाति तारकासमूहाच्या दिशेला पर्सियस नावाचा दीर्घिकांचा गुच्छ आहे, त्यात तापलेला वायू भरलेला आहे. मधल्या कृष्णविवरामुळे त्या वायूत दाबाच्या लाटा उठतात. त्या नासाच्या 'चंद्रा' या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीला दिसल्या आणि २००३ मध्ये त्यांचा सूर काढला गेला: बी फ्लॅट, म्हणजे पेटीवरची काळी पाच, पण मधल्या पांढरी एकपासून ५७ सप्तकं खाली. माणसाच्या कानाला तो कधीच ऐकू येणार नाही. नासाने २०२२ मध्ये त्या लाटा तितक्याच सप्तकांनी वर चढवून ऐकवल्या. ऐकून बघा. मला तो आवाज घाबरवणारा वाटला, मुलांसमोर लावू नका.

पेटीवाले सरांना विनंती, काळी पाचच्या खर्जावर काहीतरी बांधा.

सातपूर_शिफ्ट

मग अवकाशात पोचलेल्या संगीताचंही लिहितो. १९४७ चा 'म्युझिक आउट ऑफ द मून'. संगीत हॅरी रेव्हेलचं, वाद्यवृंद लेस बॅक्स्टरचा आणि थेरेमिन वाजवणारा सॅम्युएल हॉफमन, जो पेशाने पायांचा डॉक्टर होता. थेरेमिनला हात लावायचा नसतो. दोन अँटेनांपाशी हवेत हात हलवला की एका हाताने सूर बदलतो, दुसऱ्याने आवाज कमी-जास्त होतो. आज आपण ज्याला स्पेस लाउंज म्हणतो त्याची सुरुवात मी इथे धरतो: मऊ कोरस, आरामशीर चाल आणि वर ते अधांतरी वाद्य.

हा अल्बम नील आर्मस्ट्राँगने टेपवर भरून नेला होता आणि अपोलो ११ चंद्रावरून परतताना यानात लावला. खाली ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातही तो ऐकू गेला. चंद्रावर जाऊन आलेल्या पहिल्या माणसाने परतीच्या वाटेवर लाउंज लावलं, हे ज्यांना लाउंज हलकं वाटतं त्यांनी लक्षात घ्यावं.

ओझरकर

आर्मस्ट्राँगचं लिहिलंत म्हणून रॉन मॅकनेअरचंही लिहितो, त्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं. भौतिकशास्त्रज्ञ, लेझरवर काम केलेला आणि उत्तम सॅक्सोफोन वाजवणारा. १९८४ च्या उड्डाणात तो वाद्य घेऊन गेला आणि वर वाजवलं. पुढच्या उड्डाणात झाँ-मिशेल जार या फ्रेंच संगीतकाराच्या अल्बमसाठी एक भाग अवकाशातच वाजवून ध्वनिमुद्रित करायचं ठरलं होतं. ते यान चॅलेंजर. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंद. सातही जण गेले. जारने तो भाग दुसऱ्या वादकाकडून वाजवून घेतला आणि त्याला रॉनचं नाव दिलं.

विमानाच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकताना काय होतं ते लिहिता येत नाही. प्रत्येक जोडावर कुणाची तरी सही असते.

द्राक्षबाग_दिंडोरी

रेवतीताईंच्या गटाला जागा देणारा मीच. संगीतातलं फार कळत नाही, पण बागेतलं सांगतो.

एक, स्पीकर बागेच्या कडेला नको, शेडपाशी ठेवा आणि आवाज हळू. आमच्याकडे ओढ्याच्या बाजूला ऊस आहे, बिबट्याचा वावर असतो. लहान मुलं शेड आणि गाड्यांच्या मध्येच राहतील, एकटं कुणी उसाकडे जायचं नाही. दोन, त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असली तर माझी मोटर चालू राहणार, तो आवाज बंद करता येणार नाही. तीन, मणी फुगायच्या अवस्थेत आहेत. घडांना हात लावू नका, टॉर्च मारून बघू नका म्हणत नाही, पण तोडू नका. चार, थंडी. निफाडचा पारा आठ-नऊवर येतो तेव्हा आमच्याकडेही काही वेगळं नसतं. फार पडली तर आजूबाजूचे शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात, धूर खाली बसतो आणि आकाश पांढुरकं दिसतं. तसं झालं तर मी दुपारी फोन करीन.

रात्री पाणी भरताना मी दर वर्षी या उल्का बघतो. गाणं लावून कधी बघितलं नाही. येऊ द्या.

मघा

दादा, मोटरचा आवाज चालेल. तो तिथलाच आहे.

रेवती, तुझं कारण पटलं. अंधाराला डोळे सरावेपर्यंतच लाव आणि नंतर बंद, असं असेल तर मी पण येते. स्पीकरचा निळा दिवा मात्र काळ्या चिकटपट्टीने झाक. मागे एका ठिकाणी तेवढ्याशा दिव्याने अख्ख्या रांगेला त्रास झाला होता. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून आणते, सगळ्यांना पुरेल एवढा.

कॉलेजरोड_रात्री

अवकाश आणि जॅझ म्हटल्यावर सन रा चं नाव अजून कुणी घेतलं नाही? आपण शनी ग्रहावरून आलो असं तो आयुष्यभर सांगत राहिला आणि त्याच निष्ठेने अनेक दशकं स्वतःचा वाद्यवृंद चालवला. अमेरिकेच्या दक्षिणेत १९१४ साली जन्मलेल्या कृष्णवर्णीय माणसाला या पृथ्वीवर काय वागणूक मिळत होती ते आठवलं, की दुसऱ्या ग्रहाचं नागरिकत्व मागण्यात किती अर्थ होता ते कळतं. त्याचा १९७८ चा 'लँक्विडिटी' ऐका. संथ, जड, झुलणारा. लाउंजच्या सगळ्यात जवळ जाणारा त्याचा अल्बम तोच. शेवटी कुजबुजणारे आवाज आहेत, तुमच्या 'शब्द नकोत'मध्ये बसत नसेल तर तेवढा भाग सोडा.

जॉन कोल्ट्रेनचा 'इंटरस्टेलर स्पेस' मात्र तिथे लावू नका. फक्त सॅक्सोफोन आणि ड्रम, भागांना मंगळ, शुक्र, गुरू, शनी अशी नावं. फेब्रुवारी १९६७ मध्ये वाजवलेला, जुलैमध्ये तो गेला, अल्बम आला १९७४ मध्ये. हे संगीत आगीचं आहे. ते एकट्याने, जागेपणी, पूर्ण लक्ष देऊन ऐकायचं. सतरंजीवर पडलेल्या पंचवीस माणसांसाठी नाही.

पेटीवाले

माझं अंतिम मत देतो. फॅरो सँडर्सचं नाव वर आलंच आहे, त्याचाच 'प्रॉमिसेस', २०२१. फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने काम करणारा इंग्लंडचा संगीतकार, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि ८० वर्षांचा सँडर्स. नऊ भाग आहेत पण मध्ये खंड नाही, सलग ४६ मिनिटं. सुरुवातीला सुरांची एक लहानशी आकृती येते, मग थांबते. पुन्हा येते, पुन्हा थांबते. जवळजवळ शेवटपर्यंत तीच. सँडर्स त्या थांबण्यात वाजवतो. मध्ये एके ठिकाणी वाद्य बाजूला ठेवून तोंडाने नुसते गुणगुणल्यासारखे ध्वनी काढतो, शब्द नाहीत. तंतुवाद्यं वर चढतात तो भाग एका उल्केच्या वेळी आला तर बघा काय होतं.

हा माणूस तरुणपणी सॅक्सोफोन फाडून टाकावा तसा वाजवायचा. ऐंशीव्या वर्षी तो एक सूर लावतो आणि पुढचा लावायची घाई करत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गेला. लाउंज म्हणा, जॅझ म्हणा, मला एखाद्या बुजुर्ग गवयाची उत्तररात्रीची बैठक ऐकल्याचं समाधान यातून मिळतं.

ओझरकर

सर, मी माइल्सचा हट्ट सोडतो. 'प्रॉमिसेस' लावा. ४६ मिनिटं म्हणजे रेवतीच्या हिशेबात चपखल बसतं.

अश्विनी_ते_रेवती

आणि त्यानंतर साडेतीन मिनिटं केसरबाई.

१९७७ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यावर लुई आर्मस्ट्राँगचं 'मेलंकली ब्लूज' आहे आणि सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. जॅझ आणि आपलं गाणं एकाच तबकडीवर, आज माणसाने बनवलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये सर्वांत दूर. व्हॉयेजर १ सप्टेंबरच्या ५ तारखेला निघालं आणि केसरबाई त्याच महिन्याच्या १६ तारखेला गेल्या. अल्लादिया खाँसाहेबांकडे इतकी वर्षं घासून मिळवलेली ती तान आता सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून गेली आहे.

रेवतीची शब्दांची अट इथे मोडते, पण मैफल आपली आहे तर भैरवीनेच संपावी.

रेवती_२७

ठरलं. नऊ वाजता दिवे बंद, 'प्रॉमिसेस' सलग, मग केसरबाई, मग स्पीकर बंद आणि मोकळं आकाश. अट मोडली तरी चालेल, केसरबाईंसाठी मोडायलाच हवी. शिवाय तोवर मिथुन राशी पूर्वेला बरी वर आलेली असेल. पुनर्वसूचे दोन तारे कुठले ते मुलांना त्याच वेळी दाखवते, उल्का तिथूनच फुटल्यासारख्या दिसतात. खरी गर्दी मध्यरात्रीनंतर.

अल्बम फोनवर उतरवून घेतलाय, तिथे रेंजचा भरवसा नाही. फोन शेडमध्ये उलटा ठेवणार. पेटीवाले सर, तुम्ही याल ना? मुलांना सुरुवातीला दोन मिनिटं सांगायला तुम्हीच हवेत.

पेटीवाले

येतो. पंचवटीतून गाडीत तीन जागा आहेत, कुणाला हव्या असतील तर व्यनि करा.

द्राक्षबाग_दिंडोरी

गाड्या रस्त्यालाच लावा, बांधावरून आत आणू नका, ड्रिपच्या नळ्या आहेत. साडेआठपर्यंत पोचा. शेडमध्ये चहाचं बघतो. स्वेटर, कानटोपी, आणि सतरंजीखाली टाकायला प्लास्टिक प्रत्येकाने आपापलं आणा, दव फार पडतं.